दोन सेंटीमीटरचा गुन्हा

दोन सेंटीमीटर म्हणजे किती? जरा स्वतःच्या हाताच्या अंगठ्याकडे बघा. त्याची रुंदी साधारण तेवढीच असते. जीन्स घेताना मांडीला दोन सेंटीमीटर सैल असली, तर ट्रायल रूममधून बाहेर येऊन आपण म्हणतो, ‘परफेक्ट आहे, हीच पॅक करा.’

७ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री मात्र या दोन सेंटीमीटरपायी एक २५ वर्षांची मुलगी बर्फात गुडघ्यांवर बसून, चेहरा हातांनी झाकून रडत होती. तिचं नाव सारा ताकानाशी. जपानची स्की जम्पर. विश्वचषकाच्या ६० हून जास्त स्पर्धा तिने एकटीने जिंकल्यात. स्त्री असो वा पुरुष, या खेळात इतके विजय दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाहीत. ही मुलगी दुसऱ्या दिवशी इन्स्टाग्रामवर पूर्ण काळा चौकोन टाकते आणि अख्ख्या देशाची माफी मागते. आपल्यामुळे सहकाऱ्यांचं पदक गेलं, आपल्यामुळे सगळ्यांचं आयुष्य बदललं, असं ती लिहिते.

तिने केलं काय होतं? चोरी? डोपिंग? नाही. तिच्या सूटची मांडी दोन सेंटीमीटर सैल निघाली होती.

‘स्की जम्पिंगशी आपला काय संबंध? आपल्याकडे बर्फ बघायचा तर मनालीला जावं लागतं,’ असं तुम्ही म्हणाल. मीही हेच म्हणायचे. पण ही गोष्ट फक्त बर्फाची नाहीये. टीममध्ये काम करताना चूक झाली, तर ती कुणाच्या नावावर टाकायची, याची ही गोष्ट आहे. आणि हा प्रश्न तुमच्या-माझ्या ग्रुप प्रोजेक्टपासून ऑलिम्पिकपर्यंत सगळीकडे सारखाच आहे.

आधी खेळ समजून घेऊ

एका उंच उतारावरून खेळाडू ताशी ८५-९० किलोमीटर वेगाने घसरत खाली येतो. उताराच्या टोकाला तो स्वतःला हवेत झोकून देतो, पायातल्या दोन्ही स्की इंग्रजी ‘व्ही’सारख्या फाकवतो आणि अंग पुढे झुकवून जमेल तितकं लांब तरंगत राहतो. किती लांब गेला याचे गुण, शैलीचे गुण, शिवाय वारा सोबत होता की विरोधात, त्याप्रमाणे गुणांची वजाबाकी-बेरीज. या सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे स्कोअर.

याच खेळाचा थोरला भाऊ म्हणजे स्की फ्लाइंग. तंत्र तेच, फक्त टेकडी प्रचंड मोठी. ऑलिम्पिकच्या छोट्या टेकडीवर शंभर मीटरच्या आसपास उडी जाते, तर स्की फ्लाइंगमध्ये दोनशेच्याही पुढे. स्लोव्हेनियाच्या डोमेन प्रेव्हत्सने मार्च २०२५ मध्ये प्लानित्साच्या टेकडीवर २५४.५ मीटरची उडी मारली. क्रिकेटच्या दोन मोठ्या ग्राउंड्सच्या सीमारेषा एकापुढे एक ठेवा आणि त्या हवेतून पार करा, साधारण तसं काहीतरी.

इतकं लांब माणूस जातो तो हवेच्या आधारावर. म्हणून सूट महत्त्वाचा. सूट सैल असेल तर हवा त्याला जास्त उचलून धरते, अगदी पतंगाला धरते तशी. म्हणूनच आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे, म्हणजे ‘फिस’चे, सूटबद्दलचे नियम भयंकर कडक आहेत. कापड किती जाड असावं, त्यातून हवा किती आरपार जावी, अंगाच्या मापापेक्षा सूट किती सेंटीमीटर मोठा चालेल, सगळं ठरलेलं. तपासणी उडीच्या आधी होते आणि उडीनंतर खाली आल्यावरही होऊ शकते. खाली सापडलात, तर ती उडी शून्य.

त्या रात्री काय झालं?

बीजिंग ऑलिम्पिकमध्ये, झांगजियाको इथे, मिश्र सांघिक स्की जम्पिंग पहिल्यांदाच होणार होतं. दोन मुली, दोन मुलगे, प्रत्येकाच्या दोन उड्या. पदकाचे दावेदार कोण, हे सगळ्यांना माहीत होतं : स्लोव्हेनिया, जपान, नॉर्वे, जर्मनी, ऑस्ट्रिया.

जपानकडून पहिली उडी साराची. १०३ मीटर, १२४.५ गुण. झकास सुरुवात. आणि मग खालून निकाल आला : सूट मापात नाही, उडी बाद.

ती एकटीच असती तर बातमी छोटी झाली असती. पण त्याच फेरीत ऑस्ट्रियाची डॅनिएला इराश्को-श्टोल्झ बाद झाली. जर्मनीची कॅथरिना आल्टहाउस बाद झाली. ही तीच कॅथरिना, जिने दोनच दिवसांपूर्वी याच टेकडीवर वैयक्तिक रौप्यपदक जिंकलं होतं. दुसऱ्या फेरीत नॉर्वेच्या आना ओडिन स्ट्रोम आणि सिल्ये ओप्सेथ, दोघीही बाद. एका रात्रीत चार देशांच्या पाच खेळाडू, सगळ्यांचं कारण सूट.

जर्मनी पहिल्या फेरीतच नवव्या क्रमांकावर गारद. नॉर्वे आठवा. ऑस्ट्रिया पाचवा. स्लोव्हेनियाने १००१.५ गुणांसह सुवर्ण घेतलं, आणि ते सुवर्ण खणखणीत होतं, त्यात वाद नाही. पण दुसरी आलेली रशियन ऑलिम्पिक समितीची टीम तब्बल १११.२ गुणांनी मागे होती. तिसरी कॅनडा, ८४४.६. चौथा जपान, ८३६.३.

आता एक साधी बेरीज करा. जपानच्या ८३६.३ मध्ये साराचे ते बाद झालेले १२४.५ मिळवा. होतात ९६०.८. म्हणजे थेट रौप्य. बाद झाल्यावर कांस्य हुकलं ते फक्त ८.३ गुणांनी. त्या टेकडीवर एका मीटरला दोन गुण मिळतात. म्हणजे सगळं मिळून चारेक मीटरचा फरक.

आणि त्यात कमाल बघा. पहिली उडी शून्य झाल्यावर, रडून डोळे सुजलेले असताना, सारा दुसऱ्या फेरीत परत वर गेली आणि तिने उडी मारली. नीट मारली. म्हणूनच जपान चौथ्या क्रमांकापर्यंत तरी पोचला. ती खाली आल्यावर सहकारी र्‍योयू कोबायाशीने तिला मिठीत घेतलं. तो एक दिवस आधी वैयक्तिक सुवर्ण जिंकला होता.

पाचही मुलीच का?

वादाची ठिणगी इथे पडली. बाद झालेल्या पाचही जणी मुली. एकही मुलगा नाही.

खेळाडूंचं म्हणणं असं की, मोसमभर जशी मापं घेतली जायची, तशी त्या रात्री घेतली नाहीत. उभं राहायची पद्धत वेगळी, माप धरायची पद्धत वेगळी. साराने तोच सूट दोन दिवसांपूर्वी वैयक्तिक स्पर्धेत घातला होता आणि ती चौथी आली होती. तेव्हा तो चालला. मग ४८ तासांत काय बदललं? कॅथरिना चिडून म्हणाली की, अकरा वर्षांत आपली कितीतरी वेळा तपासणी झाली, एकदाही बाद झालो नाही, आणि फिसने आज महिलांच्या स्की जम्पिंगची वाट लावली.

तपासनीसांचं म्हणणं असं की, नियम तेच, पद्धत तीच, मापात बसत नव्हतं म्हणून बाद केलं. बस.

दोघांचंही ऐकलं की डोकं चक्रावतं. कारण दोन्ही बाजूंमध्ये थोडं थोडं तथ्य असू शकतं. सूट खरंच मोठा असू शकतो. आणि तो मोठा आहे हे मोसमभर कुणी पाहिलंच नाही, हेही खरं असू शकतं. ट्रॅफिक सिग्नलचंच घ्या ना. रोज शंभर गाड्या पांढऱ्या पट्टीच्या पुढे उभ्या राहतात. हवालदार बघतो, काही बोलत नाही. एक दिवस अचानक मोहीम निघते आणि पावती नेमकी तुमच्या नावाने फाटते. नियम तुम्ही मोडला, हे खरंच. पण ‘आजच का आणि मीच का?’ हा प्रश्नही खोटा नाही.

आणि या मुलींच्या बाबतीत त्या प्रश्नाला आणखी एक अस्तर आहे. पुरुषांचं स्की जम्पिंग ऑलिम्पिकमध्ये आहे १९२४ पासून. महिलांना प्रवेश मिळाला २०१४ मध्ये. पूर्ण ९० वर्षांनी! बीजिंगमध्ये पुरुषांना छोटी टेकडीही होती आणि मोठीही, महिलांना फक्त छोटी. म्हणजे मिश्र सांघिक ही त्यांची त्या ऑलिम्पिकमधली दुसरी आणि शेवटची संधी.

बाद झालेली डॅनिएला इराश्को-श्टोल्झ तर या खेळातली जुनी जाणती. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या कुल्मच्या टेकडीवर तिने २०० मीटरची उडी मारली. तोवर कुठल्याच बाईने तिथवर मजल मारली नव्हती. पण महिलांची पहिली अधिकृत स्की फ्लाइंग स्पर्धा व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं, तेही नॉर्वेतल्या विकरसुंडला. वीस वर्षं! ‘मुलींना झेपणार नाही’ हे ऐकत ज्यांनी खेळ इथवर ओढत आणला, त्यांना जगासमोर ‘कपडे मापात नाहीत’ म्हणून घरी पाठवलं. राग येणारच ना?

मग कॅनडाचं काय?

इथे एक गंमत सांगते. गंमत म्हणजे, जी बाजू आपण बघायची विसरतो ती.

कांस्य जिंकलेल्या कॅनडाच्या टीमला आपल्या देशात सरावाला धड टेकडीसुद्धा नव्हती. कॅल्गरीमधल्या उड्यांच्या टेकड्या २०१८ मध्ये बंद पडल्या, म्हणून ही पोरं घरदार सोडून स्लोव्हेनियात राहून सराव करायची. त्यांच्यातली अलेक्झांड्रिया लाउटिट तेव्हा १८ वर्षांची होती. दोनच दिवसांपूर्वी वैयक्तिक स्पर्धेत तीही बाद झाली होती. तिच्या बाबतीत वजनाचा नियम आडवा आला होता.

म्हणजे ज्या नियमांनी तिला शनिवारी रडवलं, त्याच नियमपुस्तकाने सोमवारी तिच्या गळ्यात पदक घातलं. स्की जम्पिंगमध्ये कॅनडाचं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक. ‘फुकटात मिळालं’ म्हणणारे बरेच निघाले. पण पुढच्याच वर्षी प्लानित्साला मोठ्या टेकडीवर ती जगज्जेती झाली आणि ती चर्चा आपोआप थांबली. ज्यांनी मापात सूट घालून आठ उड्या मारल्या, त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. एखादा निकाल वादग्रस्त ठरला, की जिंकणाऱ्याकडेही आपण संशयाने बघायला लागतो. तेवढं टाळता आलं पाहिजे.

आमचा ब्लॅकआउट

आता माझी गोष्ट. ऑलिम्पिकसमोर अगदीच चिल्लर, पण मला सारा कळली ती हिच्यामुळेच.

सेकंड इयरला आम्ही कॉलेजची एकांकिका केली होती. प्राथमिक फेरी धूमधडाक्यात पार पडली. लोक हसले, शिट्ट्या आल्या, आम्ही फायनलला. फायनलच्या रात्री प्रयोग आणखी रंगला. आणि निकालाच्या वेळी कळलं की आम्ही स्पर्धेतून बाद. वेळमर्यादा ओलांडली. किती? एक मिनिटाच्याही आत.

प्राथमिक फेरीत घड्याळ कुणी बघितलंच नव्हतं. तीच संहिता, तेवढाच वेळ. पण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण आम्हाला तोवर आमचा गुन्हेगार सापडला होता. म्युझिक सांभाळणारा मित्र. शेवटच्या ब्लॅकआउटला त्याने संगीत जरा लांबवलं होतं. झालं! ‘तुझ्यामुळे गेलं.’ बसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. मीही नाही.

खरं तर हशे पडले तेव्हा आम्ही सगळे थांबलो होतो. एकाने ऐन वेळी पदरचं वाक्य टाकलं होतं. दिग्दर्शकाने रंगीत तालमीला स्टॉपवॉच लावलं नव्हतं. तो मिनिट आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला होता. नाव मात्र एकाचं. त्याने रात्री ग्रुपवर लांबलचक ‘सॉरी’ लिहिलं आणि ग्रुप सोडला. पुन्हा नाटकात आला नाही.

साराचा काळा चौकोन बघितला तेव्हा मला तो ‘सॉरी’चा मेसेज आठवला. तिचा सूट तिने एकटीने शिवला नव्हता. टीमचे लोक सूट तयार करतात, मापं घेतात, मर्यादेच्या अगदी काठापर्यंत नेतात. कारण सगळेच देश तसं करतात, आणि जो करणार नाही तो मागे पडतो. थंडीत, ताणात शरीर जरा आक्रसलं की काठावरचा सूट काठाच्या पलीकडे जातो. हा जुगार अख्खी टीम खेळते, पण हरली की स्कोअरबोर्डवर नाव येतं ते फक्त उडी मारणाऱ्याचं.

तुम्हाला पॅरिस २०२४ आठवत असेल. विनेश फोगाट, ५० किलो गटाची फायनल आणि ते १०० ग्रॅम. तेव्हा आपण सगळेच रात्रभर एकमेकांना विचारत होतो, चूक कुणाची? तिची, की तिच्यासोबतच्या लोकांची? एक फरक मात्र लक्षात ठेवा. तिथे वजनकाटा खोटा आहे, असं कुणी म्हणालं नाही. काटा रोज तोच होता. झांगजियाकोमध्ये भांडण नेमकं काट्याबद्दलच होतं.

आणि खरी चोरी झाली तेव्हा?

८ मार्च २०२५. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू होती. यजमानांच्याच गोटातला एक गुपचूप काढलेला व्हिडिओ बाहेर आला. पडद्याआड सूट शिवले जात होते. कशासाठी? तपासून झालेल्या सूटमध्ये जास्त ताठ धागा घालून त्याचा आकार उडीला फायद्याचा व्हावा म्हणून. मारियस लिंडविक त्या दिवशी दुसरा आला होता, पण तो आणि योहान आंद्रे फोरफांग बाद झाले. टीमच्या मुख्य प्रशिक्षकाने सूटमध्ये फेरफार केल्याचं कबूल केलं.

हा घोळ दोन सेंटीमीटरच्या गफलतीचा नव्हता, ठरवून केलेला होता. चौकशीनंतर दोन्ही खेळाडूंनी तीन महिन्यांची बंदी मान्य केली. त्यांना फेरफाराची माहिती नव्हती, पण त्यांनी विचारायला आणि तपासायला हवं होतं, असा निष्कर्ष निघाला.

शेवटचं वाक्य परत वाचा. मला वाटतं, झांगजियाकोच्या भांडणातून हेच घ्यायचं. ‘मला माहीत नव्हतं’ हे खेळाडूला पूर्ण सोडवत नाही. पण ‘सूट तूच घातला होतास’ हे टीमलाही सोडवत नाही. आणि ‘नियम नियम आहे’ हे वाक्य तपासणाऱ्यालाही सोडवत नाही, कारण नियम रोज सारखा लावला तरच तो नियम. एरवी ती लॉटरी.

ट्रॉन्डहाइमनंतर फिसने कार्डं आणली. सूटच्या पहिल्या चुकीला पिवळं, दुसऱ्या चुकीला लाल. म्हणजे सैल माप आणि सराईत चलाखी यांच्यात थोडा तरी फरक करायचा प्रयत्न. उशिरा का होईना, पण सुरुवात झाली.

त्या पाच जणींचं पुढे काय झालं?

रडून घरी बसल्या, असं वाटत असेल तर थांबा. कॅथरिना २०२३ च्या जागतिक स्पर्धेतून तीन सुवर्णं घेऊन परतली. नॉर्वेच्या सिल्ये ओप्सेथने मार्च २०२४ मध्ये विकरसुंडच्या स्की फ्लाइंग टेकडीवर २३०.५ मीटरची उडी मारली, तेव्हाचा महिलांचा जागतिक विक्रम. वर्षभराने तो स्लोव्हेनियाच्या निका प्रेव्हत्सने २३६ मीटर जाऊन मोडला. डोमेनची धाकटी बहीण ती. आणि सारा? माफीच्या त्या पोस्टमध्ये तिने आपण पुढे खेळावं की नाही, याचीच शंका व्यक्त केली होती. पण महिनाभरातच ती परत टेकडीवर होती आणि जिंकलीसुद्धा.

तिला तिथवर परत आणायला कुणीतरी सोबत असणारच. कोबायाशीची ती मिठी तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितली. आमच्या बसमध्ये तसं कुणी उठलं नाही.

हा लेख लिहिताना मी त्या मित्राला मेसेज केला. लांबलचक नाही, एवढंच : ‘तो मिनिट आपल्या सगळ्यांचा होता. सॉरी.’ तीन वर्षं उशीर झालाय, माहितीये. तुमच्याही ग्रुपमध्ये असा एखादा असेल, ज्याच्या नावावर सगळ्यांची चूक लिहिली गेली. सबमिशन लेट झालं म्हणून, कॅच सुटला म्हणून, माइक बंद पडला म्हणून. पुढच्या वेळी निकाल विरोधात गेला, की बोट दाखवायच्या आधी दोन गोष्टी विचारा : माप रोज सारखं घेतलं होतं का? आणि तो सूट शिवताना आपण कुठे होतो?